लाखोरीचं वरण

आमच्या घरी लाखोरीची डाळ शिजत नव्हती. हे वाचून आमच्या भंडाऱ्याकडचं माणूस हसेलच. आमच्याकडं धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, लाखोरी फेकतात. ती आपोआप येते आणि मग वर्षभर तिचंच वरण, तिचेच वडे, तिच्याच पाल्याची भाजी. पण बाबांचं एकच म्हणणं, लाखोरीनं पाय जातात. त्यांच्या लहानपणी त्यांच्या नात्यातला एक म्हातारा नुसत्या लाखोरीवर दिवस काढून काढून लंगडा झाला होता. दोन काठ्या टेकून चालायचा, आणि पाय मागून येत होते जसे दुसऱ्याचेच आहेत. ते बाबांच्या डोळ्यांत असं बसलं, की आमच्याकडं तूर आणायला जमलं नाही तर भात मिठासंगं खायचा, पण लाखोरी उंबऱ्याच्या आत नाही. माझी माय पवनीकडची, लाखोरीवरच वाढलेली. तिला बिचारीला वडे खायचे झाले तर शेजारणीच्या चुलीपाशी बसून खावे लागायचे. मी पाचवी-सहावीत असताना एकदा तिच्यासंगं बसून दोन वडे खाल्ले. बाबांना वासानंच कळलं. मला नहाणीत नेऊन उभी केली. "बोट घाल घशात. काढ." मी रडत रडत काढलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं, सगळं निघालं का म्हणून, आणि मग पाण्याचा गडवा हातात दिला. "पाय हायेत तर तू हायस. ध्यानात ठेव."

मला तेव्हा ती माया वाटायची. आता काय वाटतं ते सांगते पुढं.

बाबांचं नाव सुखदेव. वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. सकाळच्या पाळीचा भोंगा वाजायच्या आधी आमच्या गल्लीतून सायकलींचा लोंढा निघायचा. कोणाच्या हँडलला डबा, कोणाच्या कॅरिअरवर पोरगा, शाळेपर्यंत सोडायला. त्या लोंढ्यात बाबा सगळ्यांच्या पुढं असायचे. ड्युटीवर जायलाही त्यांना कोणी पुढं गेलेलं खपत नव्हतं. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातल्या एका खोलीच्या भिंतीला दोन खुंट्यांवर त्यांची सायकल टांगलेली. माणसं खाली सतरंजीवर, सायकल वर. सुट्टीच्या दिवशी चेन रॉकेलच्या घमेल्यात भिजत पडायची आणि शेजारीच माय भाकरी थापायची. माझ्या लहानपणाला रॉकेल लावलेल्या तांदळाच्या भाकरीचा वास आहे, असं मी पोरांना सांगते तर ती हसतात. संध्याकाळी बाबा मला समोर बसवून माझ्या पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळायचे. अंगठा असा दाबायचे की डोळ्यांत पाणी यायचं. हूं म्हटलं तर आणखी दाबायचे.

क्लब म्हणजे कारखान्यातलेच वीस-पंचवीस गडी. ना ऑफिस, ना पाटी. गावाबाहेर एक चहाची टपरी होती, तीच त्यांची जागा. दर बुधवारी संध्याकाळी तिथून शर्यत निघायची. सगळे एकदम सुटत नव्हते. एकामागं एक, मधात एका मिनिटाचं अंतर सोडून, ज्याची त्याची लढाई घड्याळासंगं. धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यानं तलावाच्या पाळीपर्यंत जायचं, तिथं ठेवलेल्या ड्रमाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत. सायकली तर त्याच काळ्या, ड्युटीच्या. निघायच्या आधी मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, सगळं खोलून ठेवायचे. घंट्याही काढायचे आणि टपरीच्या बांबूला तारेवर ओळीनं टांगून ठेवायचे. वारा आला की त्या किणकिण करायच्या. जो सगळ्यात हळू तो पहिला निघायचा, जो सगळ्यात तेज तो शेवटी. शेवटी म्हणजे बाबा. वर्षानुवर्षं बाबाच.

आणि कायदाही बाबांचाच. मागच्यानं पुढच्याला गाठलं तर त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "उतर!" गाठलेल्यानं तिथंच सायकलवरून उतरायचं आणि उरलेला सगळा रस्ता सायकल हातात धरून पायी यायचं. म्हणायचं विसरला किंवा लाजला, तर गाठणाऱ्याचाच टाइम बाद. कोणी म्हणेल, तिकडं बांध्यांमध्ये कोण पाहतं? पण पुढचा मागून सायकलवर बसून आला, की टपरीवर सगळ्यांना कळायचंच. आणि तो पायी येऊ लागला की सगळे गडी तारेवरच्या आपापल्या घंट्या काढून रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे राहायचे आणि त्याच्या पावलांच्या तालावर वाजवायचे. "पायदळ आलं! पायदळ!" हे घंट्यांचंही बाबांच्याच डोक्यातून निघालेलं. लहानपणी मी त्यांच्यासंगं टपरीवर जायची, आणि त्यांची घंटी माझ्या हातात असायची. सगळ्यांत जास्त मीच वाजवायची. मला तर तो सणच वाटायचा.

दौलत काकाचं मला चांगलं आठवते. दौलत काका बाबांच्याच खात्यात होता. गरीब, थोडा तोतरा, नवं लग्न झालेलं. त्याची सासरची मंडळी आली होती, आणि जावई शर्यतीत उतरतो म्हणून सासू-सासरे, बायको, सगळे टपरीवर येऊन बसले. त्या दिवशी त्याची चेन दोनदा उतरली. बाबांना ते दिसलं होतं. तरी त्याला गाठून बाबा ओरडलेच, "उतर!" तो पायी आला तेव्हा हात चेनच्या ग्रीसनं काळे, तेच हात तोंडाला लागलेले. घंट्या वाजल्या. त्याची बायको पदराखाली हसली की रडली ते कळलं नाही, पण त्याची सासू मोठ्यानं बोलली, "अगं बाई, आमचा जावई तं पायदळात भरती झाला!" बाबा इतके हसले की चहा सांडला. तेव्हापासून कारखान्यात दौलत काकाला कोणी दौलत म्हणत नव्हतं. पगार घ्यायच्या रांगेतसुद्धा, "ए पायदळ, सरक पुढं."

पुढं त्याचा गुडघा गेला आणि तो शर्यत सोडून क्लबचं घड्याळ सांभाळू लागला. कोण कोणामागून निघेल ते तोच ठरवायचा. मागच्या बुधवारच्या टाइमप्रमाणं, कायद्याप्रमाणं. एका शब्दानं कधी इकडचं तिकडं केलं नाही त्यानं.

मी कॉलेजात गेली तेव्हा बाबांनी जुने पार्ट जमवून माझ्यासाठी एक सायकल बांधली. भाऊ नव्हताच मला, म्हणून माझ्यावर जीव लावला असं लोक म्हणायचे. मी क्लबातली एकटीच पोट्टी. सुरुवातीला गडी हसायचे, "सुखदेवभाऊ, पोरीले रांधाचं शिकवा, सायकल का सासरी चालवते?" मग हसणं कमी झालं, कारण एकेक करून मी त्यांना गाठू लागली. मी पण म्हणायची, "उतरा काका." उतरायचे बिचारे. बाबा टपरीवर हात मागं बांधून उभे राहायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं त्यासाठी मी काहीही केलं असतं.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा तुटला होता. गोंदिया वेगळा झाला. आधी भंडारा जिल्ह्याच्या नावानं सायकलीत ज्या पोरी जायच्या त्या सगळ्या तिकडच्या, त्या आता आपल्या जिल्ह्याकडून खेळणार. भंडाऱ्याची जागा रिकामी. नागपूरला निवड होती, तिथं पहिल्या तिघी विभागाच्या संघात जाणार, आणि संघात गेलं की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटावर पोलिसात भरती होता येते, असं आम्ही ऐकलं होतं. मला खाकी पाहिजे होती. रातदिवस तेच. दौलत काका म्हणाला, क्लबाकडून वंदनाचं नाव पाठवून देऊ, दुसरी हाय कोण? सगळे हो म्हणाले. बाबा म्हणाले, नाही.

"माही पोरगी म्हणून नाही जाणार. पुढच्या बुधवारी क्लबात पयला टाइम तिचा आला, तं जाईल. नाही तं भाकरी थापेल."

"पयला म्हंजे भाऊ, तुमच्याहून बी?" दौलत काकानं विचारलं.

"सगळ्याईहून म्हंजे सगळ्याईहून."

आतापर्यंत ते बोलले ते रुबाबात. पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, ती दौलत काकानं तिथंच टपरीवर सांगितली. त्याच संध्याकाळच्या शर्यतीत माझा टाइम बाबांहून चांगला आला होता. थोडासाच. दौलत काका खाली पाहून, अडखळत, पण स्पष्ट बोलला, "म्हंजे पुढच्या बुधवारी, भाऊ, तुमी निघान आणि तुमच्या मांगून वंदना. का-कायदा तुमचाच हाय."

टपरीवर कोणी हसलं नाही. सगळ्यांनी चहाचे गिलास तोंडाला लावले. मला वाटतं वर्षानुवर्षं ते सगळे याच दिवसाची वाट पाहत होते, आणि आला तेव्हा घाईसुद्धा केली नाही त्यांनी.

तो आठवडा घरात बाबा बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी माझ्या पोटऱ्या चोळल्या. तसंच तेल, तसाच अंगठा.

त्या बुधवारी धानाची कापणी चालू होती. वारा तलावाकडून गावाकडं, म्हणजे जाताना तोंडावर. बाबा निघाले, एक मिनिटानं मी. ते सुरुवातीपासूनच वेड्यासारखे गेले. एरवी मला शिकवायचे, जाताना वाऱ्यात दम जपायचा, येताना उधळायचा. पण त्यांना मागं मी येऊन राहिली हे माहीत होतं, आणि भ्यालेल्या माणसाला स्वतःचीच शिकवण आठवत नाही. ड्रमाला वळसा घालून परत येताना ते मला समोर दिसले, पांढरं बनियन छातीला चिकटलेलं, खांदे डावे-उजवे हलत होते. आम्ही एकमेकांच्या समोरून गेलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, माझ्या पायांकडं पाहिलं.

परतीच्या रस्त्याच्या मधोमध मी त्यांच्या चाकामागं आली. आणि तिथं थांबली. थांबली म्हणजे पायडल मारत होती, पण पुढं जाईना. त्यांच्या छातीतला आवाज मला ऐकू येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. रस्त्याच्या कडेला बांधीत बाया वाकून धान कापत होत्या, त्यातच माझी माय. मला एकदा वाटलं, इथंच राहू. पण इथं राहिली तर घड्याळात पुरता एक मिनिट पुढं असून चाकामागंच टपरीपर्यंत येईन, आणि दुसऱ्या कोणाचा टाइम चांगला निघाला तर खाकी गेली. गुपचूप पुढं निघाली तर टाइम बाद. कायदा असाच होता, कुठूनही निसटता येत नव्हतं.

बाबा मान न वळवता बोलले, "कायची वाट पायतं?"

मी त्यांच्या बाजूला आली. "बाबा, उतरा."

"आयकू नाही आलं."

"उतरा नं बाबा."

"वाऱ्यात काही आयकू येत नाही मले." आणि पायडलवर उभे राहून जोर मारला, अर्धं चाक पुढं गेले. माझ्या तोंडून तो शब्द ते असा खेचून काढत होते, जसे लहानपणी वडे काढले होते. तेव्हा माझ्या आतलं काय जे होतं ते तुटलं. मी ओरडली, "उतर!" असं ओरडली की बांधीतल्या बाया विळे हातात घेऊन ताठ उभ्या राहिल्या.

बाबा उतरले. एवढं मात्र खरं, कायद्याला ते चुकले नाहीत. मी मागं वळून पाहिलं नाही.

टपरीवर मी पोचली तेव्हा दौलत काकानं घड्याळ दाबलं आणि नुसती मान हलवली. पहिला टाइम माझाच. कोणी शाबास म्हणालं नाही. सगळे रस्त्याकडं पाहत होते. मग ते आले. सूर्य मागं, सायकल हातात, बनियन धुळीनं मळलेलं. एकेकानं तारेवरची आपली घंटी काढली. कोणी धावपळ केली नाही, विहारात वंदनेला उभं राहतात तसे शांतपणे दोन ओळी करून उभे राहिले. पहिली घंटी कोणाची वाजली कळलं नाही. मग सगळ्या. टिंग, टिंग, त्यांच्या पावलांच्या तालावर. "पायदळ" मात्र कोणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दौलत काकानं बाबांची घंटी आणून माझ्या हातात ठेवली. "धर बेटा. लहानपणी तूच तं वाजवे."

मी ती मुठीत दाबून धरली, आवाज होऊ नये म्हणून. बाबा ओळीतून चालत माझ्यापाशी आले आणि थांबले. घंट्याही थांबल्या. त्यांच्या ओठाच्या कडेला फेस सुकला होता.

"वाजव," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"दुसऱ्याच्या बापाच्या टायमाले तं लय वाजवे. वाजव."

मी एकदा वाजवली. ते घरी गेले, पायीच. टपरीपासून पुढं सायकलवर बसायची मुभा होती, तरी पायीच गेले.

घरी आली तर माय अंगणात पाय धूत होती. धान कापून आलेली, हाताला चिरा. मला म्हणाली, "ओरडाचंच होतं तं हळू ओरडती. अख्ख्या गावाच्या बाया होत्या तिथं."

दुसऱ्या दिवशी बाबा ड्युटीवरून आले ते हातात पुडी घेऊन. मायपुढं ठेवली. "हे शिजव. पोरीसाठी." मायनं उघडून पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. लाखोरी होती.

"तुमीच तं म्हणे, पाय जातात."

"तिचे मजबूत हायेत. शिजव."

नागपूरला जायला अजून दिवस होते, आणि त्या सगळ्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ माझ्या ताटात लाखोरीचं वरण आलं. त्यांच्या ताटात, मायच्या ताटात तुरीचं. चुलीवर वरणाची दोन गंजं, दोन पातेली. वाढायचे बाबा स्वतः. समोर मांडी घालून बसायचे, ताट चाटूनपुसून होईपर्यंत उठायचे नाहीत. मला नागपूरला जाऊ नको असं एकदाही म्हणाले नाहीत. माझ्या सायकलला हात लावला नाही, तशा पोटऱ्यांनाही नाही. तेल मी माझं चोळायची. आता डॉक्टर लोक सांगतात की महिनोन् महिने नुसती तीच खाल्ली तर कुठं काही होईल, चार घास खाल्ल्यानं काही होत नाही. भंडाऱ्याच्या बाजारात उघड्यावर ढीग असतो, माझी पोरगी वडे मागून मागून खाते. पण बाबांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ते काय वाढत होते ते त्यांच्या हिशेबानं पाहायचं, डॉक्टरच्या नाही. रात्री मी अंथरुणात पायाची बोटं हलवून पाहायची, आहेत का अजून.

माय एकदा म्हणाली, गुपचूप गंज बदलून देते. मी नको म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. मीही त्यांचीच पोरगी, उतरायचं तर सगळ्यांदेखत.

नागपूरला माझा चौथा नंबर आला. तिसरी माझ्यापुढं एका चाकानं होती. पाय गेले नव्हते, चांगले चालले. त्या पोरी गिअरच्या सायकलींवर होत्या आणि माझ्यापेक्षा तेज होत्या, बस. तिघींना घेतलं. खाकी मला पुढं कधीच मिळाली नाही, पण ते त्या दिवशी कुठं माहीत होतं.

दिवेलागणीला वरठी स्टेशनवर उतरली. सायकल धरून घरी आली. बाबा दारातच उभे होते. "कितवा?" मी बोटं दाखवली. चार. त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली, भिंतीशी टेकवली, फडक्यानं हँडल पुसलं. मग मला म्हणाले, "हातपाय धुऊन घे, बेटा. थकली असशीन." बेटा! किती दिवसांनी.

मी पाटावर बसली. त्यांनीच ताट आणलं. गरम भात, त्यावर तुरीचं पिवळंधमक वरण, आणि वरून तुपाची धार. तूप आमच्याकडं कोणी पाहुणा आला तरच. वाटी माझ्याकडं सरकवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, ते टपरीवरचं, ज्यासाठी मी काहीही केलं असतं. खाली बसून त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर ओढला आणि पोटरीवर अंगठा ठेवला. हळू, अगदी हळू. "खा. मी हाव नं."

वाफ माझ्या तोंडावर येत होती. चुलीवर एकच गंज होतं. मी पाय ओढून घेतला, ताट त्यांच्याकडं सरकवलं आणि मायकडं पाहिलं.

"माय," मी विचारलं, "सकाळची लाखोरी उरली हाय का वं?"